कोठीहून आणलेला शर्ट

इथले भुताखेतांचे अनुभव मी दुपारच्या चहाबरोबर वाचते आणि बहुतेकांवर हसते. ‘माझा अशा गोष्टींवर कधीच विश्वास नव्हता’ असं पहिलं वाक्य दिसलं की मला कळतं, हा माणूस आता चौथ्या परिच्छेदात पांढऱ्या साडीतली बाई आणणार. तर सांगून टाकते — माझा विश्वास नव्हता, आणि आजही नाही. मी हैदराबादला नारायणगुड्यातल्या एका ज्युनियर कॉलेजात केमिस्ट्री शिकवते. आमचं घर बौद्ध, मूळ नांदेडकडचं. लहानपणी शेजारच्या बाईच्या अंगात आलं की वडील आम्हाला खिडकीशी उभं करायचे आणि म्हणायचे, बघा, ही बाई दमली आहे, हिला कुणीतरी दोन दिवस निवांत झोपू द्यायला हवं. अशा घरातली मी. तरी लिहितेय. भीती वाटली म्हणून नाही… किळस आली म्हणून. अजून येते.

माझी सख्खी मावशी, शांतामावशी, तारनाक्याला राहते. तिचे यजमान, आमचे काका, रेल्वेत होते, रिटायर झाल्यावर त्यांनी तिथेच फ्लॅट घेतला. मुलगा मिलिंद तिच्याजवळच असतो. काका गेले ते शुगरनं, म्हणजे शुगरपेक्षा हट्टानं. पायाच्या अंगठ्याला जखम झाली, डॉक्टर म्हणाले बोट काढू, काका म्हणाले बघू. मग डॉक्टर म्हणाले पंजा काढू, तरी काका म्हणाले बघू. शेवटचे काही महिने ते घरीच पडून होते आणि त्यांचा पाय मावशी आणि मी धुवायचो. मिलिंदला ते जमायचं नाही, तो दाराबाहेर उभा राहायचा.

त्या पायाचा वास सांगते, कारण पुढचं सगळं त्याच्यावर आहे. जेवत असाल तर नंतर वाचा. सडलेल्या पायाचा वास आंबट असेल असं आपल्याला वाटतं. तो गोडसर असतो, उतरून गेलेल्या सीताफळासारखा, आणि त्याच्यावर स्पिरिटचा आणि त्या पिवळ्या औषधाचा थर बसलेला. नाकात राहत नाही तो, घशात उतरतो. मी घरी येऊन डोक्यावरून आंघोळ करायचे आणि तरी पहिल्या घासाला तो यायचा.

काका गेले. आमच्यात पिंडबिंड नसतं. पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, भन्ते आले, वंदना झाली, काकांचे सगळे कपडे मावशीनं वाटून टाकले. वर्ष-दीड वर्ष बरं गेलं आणि मग मावशीच्याच पायाची दोन बोटं काळी पडली. तिलाही शुगर आहेच. डॉक्टर स्पष्ट बोलले — आत्ता दोन बोटं जातील, उशीर केला तर पाय जाईल, अजून केला तर काकांसारखं होईल. मावशी तयार होती. पिशवीसुद्धा भरून ठेवली होती तिनं.

तेवढ्यात खालच्या मजल्यावरची एक बाई तिला ‘अम्मा’कडे घेऊन गेली.

या अम्मा मेलेल्या माणसांचे निरोप आणतात. एकदा मीही मावशीबरोबर गेले. वरच्या मजल्यावरची एक खोली, पंखा, खाली बसलेल्या बायका, लिंबांची रास. अम्मांनी डोळे मिटले, आवाज जाड केला आणि काकांच्या वतीनं तेलुगूत म्हणाल्या, “शांता, कोयिंचुकोवद्दु.” म्हणजे कापून घेऊ नको. डॉक्टर पैशासाठी कापतात, मी तुझ्या पायाशी बसून आहे, अम्मा देतील ती विभूती लाव. मावशी रडत होती. आणि मग ती राख त्या काळ्या बोटांवर, भेगांत, बोटानं दाबून भरली गेली. मी तिथेच उठून जिन्यात जाऊन उभी राहिले, नाहीतर त्या बाईच्या अंगावर ओरडले असते.

परत येताना ऑटोत मी म्हटलं, “मावशी, काकांना तेलुगू कधीपासून यायला लागली? जन्म गेला इथे, पण भाजीवाल्याला भाव विचारताना ‘एंता’ म्हणण्याच्या पुढे त्यांची गाडी कधी गेली नाही.”

“वर गेल्यावर सगळ्या भाषा येत असतील,” मावशी म्हणाली.

“आणि तुला शांता कधी म्हणाले ते? ‘मिलिंदची आई’ सोडून दुसरी हाक ऐकली नाही मी.”

“हौ, ते मला कळत नाही काय? पण अम्माच्या तोंडातून येतंय म्हणल्यावर अम्माच्या रीतीनंच येईल ना. तू नक्को डोकं खाऊ माझं.”

चूक दाखवली की चुकीसकट विश्वास वाढतो, हे मला त्या दिवशी कळलं. ज्या घरात बावीस प्रतिज्ञा तोंडपाठ, त्या घरात ही राख. मिलिंद रोज विनवायचा, मी रोज भांडायचे, आणि बोटं रोज थोडी अजून काळी होत होती. डॉक्टरांनी मिलिंदला बाजूला घेऊन सांगितलं की आता थांबता येणार नाही.

आता माझा धाकटा भाऊ प्रशांत. हायटेक सिटीत नोकरी करतो आणि शनिवार-रविवारी कंपन्यांच्या पार्ट्यांमध्ये, लग्नाच्या संगीतमध्ये मेंटॅलिझमचे शो करतो. जादू म्हटलेलं त्याला चालत नाही. ‘ताई, एक्सपीरियन्स म्हण.’ लोकांच्या मनातलं ओळखायचं, चमचे वाकवायचे, आणि शेवटचा आयटम म्हणजे मेलेल्या माणसाचा निरोप. कोऱ्या कागदावर अक्षरं येतात आणि सूटबूट घातलेली माणसं डोळे पुसतात. मी एकदाच बघितला होता तो आयटम. जेवण न करता घरी आले.

तर हा प्रशांत मला म्हणाला, “ताई, अम्मा काका आणते ना? आपण जास्त चांगले काका आणू.”

मी त्याला माझ्या स्वयंपाकघरातून बाहेर काढला. दुसऱ्या दिवशी मिलिंदचा फोन आला, तो रडत होता. मी प्रशांतला परत बोलावलं. अट एकच घातली — ऑपरेशन झालं की त्याच आठवड्यात मावशीला खरं सांगायचं, मी स्वतः सांगणार. तो म्हणाला, “डन.” एवढ्या सहज की तेव्हाही मला त्याचा राग आला.

मग आमची तयारी सुरू झाली. मला वाटलं होतं दोन पाट्या, त्यांच्यामध्ये आपोआप लिहिणारा खडूचा तुकडा, असलं काहीतरी असेल. प्रशांत हसला. “ते बघितलं की लोकांना जादूवालाच दिसतो. तिच्या घरातलंच सामान पाहिजे. कागद तिचा, पाणी तिचं, हळद तिच्या डब्यातली.” युक्ती तशी आठवीच्या पोरांना दाखवण्यासारखी आहे. धुण्याच्या सोड्याच्या पाण्यानं कागदावर लिहायचं, वाळलं की काही दिसत नाही, वरून हळदीचं पाणी शिंपडलं की अक्षरं लालभडक उमटतात. मी वर्गात शेकडो वेळा केलंय आणि दर वेळी शेवटी सांगितलंय, बाबा लोक असंच फसवतात. आता तेच मला मावशीवर करायचं होतं. कागद मिलिंदनं मावशीच्याच फोनजवळच्या पॅडमधून काढून आणला, मी लिहिला, त्यानं तो नेऊन परत पॅडच्या वरच चिकटवला.

काय लिहायचं यावर आमचं भांडण झालं. मी लिहिलं होतं: ‘मिलिंदची आई, ऑपरेशन करून घे. डॉक्टरांचं ऐक.’

प्रशांतनं कागद बाजूला सरकवला. “हे प्रिस्क्रिप्शन झालं. मेलेला माणूस इतकं क्लिअर बोलत नाही. थोडं तुटक पाहिजे. आणि एक शब्द असा टाक की ज्याचा काहीच अर्थ लागत नाही. तिला शोधू दे. आपण सांगितलेलं ती विसरेल, पण स्वतः शोधलेलं मरेपर्यंत धरून ठेवेल.”

“तिला काय शोधायला लावतोस तू?”

“ताई, आय नो माय जॉब. आणि अक्षर अगदी त्यांचंही नको आणि तुझंही नको. थरथरलेलं पाहिजे.”

शेवटी लिहिलं: ‘मिलिंदची आई. हट्ट नको. पाय… चावी.’ चावी कसली, मला माहीत नाही, प्रशांतलाही नाही. काडीला कापूस गुंडाळून मी ते लिहिलं. आपल्या माणसाला त्याच्या मेलेल्या माणसाच्या नावानं चिठ्ठी लिहायची, आणि ती मुद्दाम थोडी बिघडवायची… घाण वाटतं. दुसरा शब्द नाही माझ्याकडे.

पण एवढ्यावर त्याचं भागेना. कागद ठेवायला काकांची एखादी वस्तू हवी, अंगाला लागलेली. आता काकांचे कपडे तर वाटून झाले होते. पण काका आयुष्यभर एकाच प्रकारचा शर्ट घालायचे, आकाशी बारीक चौकटीचा, अर्ध्या बाह्यांचा, कोठीच्या बाजारातल्या एकाच दुकानातला. प्रशांत कोठीला गेला आणि त्याच दुकानातून तसाच शर्ट घेऊन आला. कोरा करकरीत, टाचण्या लावलेला, आत पुठ्ठा असलेला. टाचण्या मी स्वतः काढल्या, म्हणून हे ठासून सांगते. काकांचा त्या शर्टाशी काही संबंध नव्हता. काका गेले तेव्हा तो शिवलाही नसेल.

तो शर्ट आम्ही म्हातारा केला. मी सोड्यात उकळला, गच्चीवर उन्हात टाकला, परत धुतला, बटणं दगडावर घासली. कॉलरच्या आतल्या बाजूला चहाच्या पाण्याची रेघ ओढली, घामाच्या डागासारखी. प्रशांतचं म्हणणं होतं की तो दोन दिवस जिममध्ये घालतो, म्हणजे खरा घाम लागेल.

“तुझ्या घामाला मावशी काकांचा घाम समजून हुंगणार?” मी म्हटलं.

“तोच तर पॉईंट आहे.”

मी शर्ट हिसकावून घेतला. तेव्हा तो म्हणाला, “बरं, मग वास कसला होता काकांना? वास पाहिजेच. डोळ्यांवर माणूस शंका घेतो, नाकावर घेत नाही.”

काकांच्या वासाचं नाव काढल्यावर मला काय आठवलं असेल ते तुम्हाला कळलंच असेल. पण मी ते बोलले नाही. प्रशांत त्या महिन्यांत बंगळूरला होता, त्यानं तो पाय पाहिलाही नव्हता. मी सांगितलं, चमेलीचं तेल लावायचे. खरंच लावायचे. तर कॉलरला चमेलीच्या तेलाचे थेंब लावले आणि शर्ट घडी करून पिशवीत ठेवला. घड्या घालताना मी तो नाकाशी नेऊन पाहिला होता. साबण आणि चमेली. एवढंच.

रविवारी दुपारी आम्ही तारनाक्याला गेलो. भरदुपार, पडदे उघडे, समोरच्या मैदानात क्रिकेट चाललेलं. अंधार-मेणबत्त्या काही नाही, तेही प्रशांतनं मुद्दामच ठेवलं नव्हतं. मावशी खुर्चीत बसली होती, पाय स्टुलावर, बोटांवर फडकं. प्रशांत तिच्यापुढे जमिनीवर मांडी घालून बसला आणि इतक्या हळू, इतक्या प्रेमानं बोलायला लागला की मला त्याच्या पाठीत गुद्दा घालावासा वाटला.

“मावशी, काकांचा एक शर्ट माझ्याकडे राहिला होता. परत द्यायला आणलाय. आणि तुला माहितीये ना, मी हे मनाचं वगैरे करतो. करून बघू? काही आलं तर आलं.”

मावशीनं शर्ट मांडीवर घेतला, त्याच्यावरून हात फिरवला. कॉलर उलटून पाहिली. “बघ,” म्हणाली. “करायचं ते कर.”

पॅडवरचा कागद तिनंच फाडला. कोपऱ्यात सही केली, घडी घातली, शर्टाच्या खिशात ठेवली. पहिल्यांदा काही होऊ द्यायचं नाही हेही ठरलेलं होतं. थोड्या वेळानं प्रशांतनं कागद काढून उघडला, दोन्ही बाजूंनी दाखवला. कोरा.

“नाही येत आहेत,” तो म्हणाला. “जाऊ दे मावशी. जबरदस्ती नको त्यांना.”

“राहू दे मंग,” मावशी म्हणाली.

“एकदाच अजून. मिलिंद, वाटीत थोडं हळदीचं पाणी आण रे.”

मिलिंद वाटी घेऊन आला. प्रशांतनं बोटं बुडवली, कागदावर शिंपडलं. कागद पिवळा झाला आणि अक्षरं आली, लाल, थरथरलेली, अगदी हवी तशी. प्रशांत वाचायला लागला, “मिलिंदची आई… हट्ट न—” आणि थांबला.

वास आला.

मी आधी समजलेच नाही, कारण तो इतका ओळखीचा होता. मला वाटलं मला आठवतोय. मग मिलिंदच्या हातातली वाटी कलंडली आणि मी त्याच्या तोंडाकडे पाहिलं. तो तसाच मागे सरकत दाराबाहेर जाऊन उभा राहिला होता, काकांच्या वेळी उभा राहायचा तिथेच. तोच वास. गोड, दाट, वर स्पिरिट, वर ते पिवळं औषध. खोली भरून गेली. प्रशांतनं कागद टाकला, तोंडावर हात धरला, “ताई, हे काय—” एवढं म्हणाला आणि बाथरूमकडे पळाला. तो ओकत होता ते आम्हाला बाहेर ऐकू येत होतं.

मावशीनं खाली पडलेल्या कागदाकडे परत पाहिलंही नाही. तिनं मांडीवरचा शर्ट दोन्ही हातांनी उचलला, नाकाला लावला आणि श्वास घेतला. मोठा. मग परत एकदा. तिच्या चेहऱ्यावर प्रेम, भक्ती, आनंद असलं काही नव्हतं. नासलेलं दूध तोंडात आल्यावर होतो तसा चेहरा झाला होता.

“नंदा,” ती मला म्हणाली, “गाडी बोलाव. दवाखान्यात जायचं.”

“आत्ता?”

“आत्ताच. मला असं नाही मरायचं.”

तुम्ही म्हणाल, तिच्याच पायाचा वास असेल. मलाही पहिल्यांदा तेच वाटलं. मी खाली बसले, फडकं सोडलं आणि त्या काळ्या बोटांना नाक जवळजवळ लावून हुंगलं. राख आणि पावडर, बाकी काही नाही. नंतर डॉक्टरही म्हणाले की ही बोटं वाळून काळी झालेली आहेत, याला वास नसतो. मी शर्ट घेऊन बाल्कनीत गेले, तर वास माझ्याबरोबर बाहेर आला. आत राहिला नाही. शेजारच्या बाल्कनीत एक बाई कपडे वाळत घालत होत्या, आम्ही काय करत होतो याची त्यांना काही कल्पना असणं शक्य नव्हतं. त्यांनी पदर नाकाला लावला आणि विचारलं, “क्या सड गया जी? चूहा मरा क्या?” आणि आत जाऊन दार लावून घेतलं.

शर्ट मी प्लास्टिकच्या पिशवीत गाठ मारून घातला. दुसऱ्या दिवशी घरी नवऱ्यासमोर गाठ सोडली. साबण आणि चमेली. आम्ही दोघांनी आळीपाळीनं हुंगला, बाह्या, काखा, खिसा. काही नाही. नवरा म्हणाला, चांगला शर्ट आहे, कुणाला तरी देऊन टाक. मी तो कॉलेजमागच्या कचऱ्याच्या गाडीत टाकला, आणि हात पोळेपर्यंत गरम पाण्यानं धुतले.

मावशीची दोन बोटं काढली. पाय वाचला. एवढं सगळं ज्यासाठी केलं ते झालं.

प्रशांतचा फोन ऑपरेशननंतर लगेचच आला. मला वाटलं घाबरलाय. “ताई, एक खरं सांग, काय वापरलंस? लॅबमधलं होतं का? खिशात कॅप्सूल होती?”

“मी काही वापरलं नाही.”

“ओके, ओके. सीक्रेट. पण सिरियसली… मला आधी सांगायचं ना. मी सीन बिल्ड केला असता. म्हणजे मी खराखुरा ओकलो यार. वर्ल्ड क्लास.” मग आवाज खाली आणून, “थोडं माइल्ड करून मिळेल का? कॉर्पोरेटला चालेल असं?”

मी फोन कट केला. त्या दिवसापासून मी त्याच्याशी कामापुरतंच बोलते. मिलिंदनं विचारलंसुद्धा नाही. हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये फक्त म्हणाला, “ताई, तुम्ही बरोबरच केलं. पण पप्पांचं असं… जाऊ द्या.” म्हणजे त्याचंही तेच. मी केमिस्ट्रीची बाई, काकांचा पाय मी धुतलेला, मग आणखी कोण करणार?

राहिली मावशी. मी ठरवल्याप्रमाणे तिला खरं सांगायला गेले. ती घरी आली होती, पलंगावर पाय लांब करून बसली होती. मी खुर्ची ओढली, शब्द जुळवत होते, तर तीच बोलली.

“तो शर्ट त्यांचा नव्हता, नंदा. जन्मभर त्यांचे कपडे मी धुतले. हातात घेतल्याबरोबर कळलं मला. आणि ती चिठ्ठी तुझ्या हातची. थरथरवलीस म्हणून काय मला कळत नाही?”

मी हातातली पर्स खाली ठेवली.

“मी म्हणलं, पोरं एवढं करायलीत, करू द्यावं. मला हसू यायलं होतं. कागद बघून मी ‘नाही’च म्हणणार होते तुम्हाला. अम्मानं सांगितलं तेच धरून बसले होते मी.” तिनं माझ्याकडे पाहिलं. “पण तो वास कुठून आणलास गं तू?”

त्या क्षणी मला समोर दोन रस्ते स्पष्ट दिसत होते. मी म्हटलं असतं की मावशी, तो मी नाही आणला, आम्ही फक्त चमेली लावली होती, तर तिला दुसरा अर्थ शोधायला एक क्षणही लागला नसता. काका आले होते. म्हणजे मेलेली माणसं येतात. म्हणजे अम्मा खरं बोलतात. आणि तिचा दुसरा पाय अजून शाबूत आहे, शुगर अजून तिथेच आहे. मग पुढच्या जखमेत राखच जाणार.

“कॉलेजच्या लॅबमधून,” मी म्हटलं.

“असलं बनवता येतं?”

“येतं.”

तिनं पायाखालची उशी सारखी केली. “चिठ्ठीचं काही नाही,” म्हणाली. “चिठ्ठी ठीक होती. शर्टाचंही ठीक. पण ते किती लाजायचे त्या वासाला, तुला ठाऊक होतं. तू आलीस की मला म्हणायचे, खिडकी उघड, नंदाला वास येईल. आणि तू तोच वास बनवून आणलास. मला वाचवलंस, हौ. पण असं नव्हतं करायचं बाई.”

तिच्या गोळीची वेळ झाली होती. मी माठातून ग्लास भरला आणि तिच्यापुढे धरला. तिनं ग्लास घेतला, शेजारच्या स्टुलावर ठेवला आणि आतल्या खोलीकडे तोंड करून म्हणाली, “मिलिंद, पाणी आण रे मला.”

आमच्या घरांमध्ये कुणी कुणाच्या हातचं पाणी नाकारत नाही. का, ते सांगायची गरज नाही.

मावशी आता चालते, अम्माकडे जात नाही, औषधं वेळेवर घेते. मी महिन्यातून एकदा जाते. ती नीट बोलते, पोरांची चौकशी करते, चहा मिलिंद करतो. प्रशांतकडे त्या दुपारचं स्पष्टीकरण आहे, मिलिंदकडे आहे, मावशीकडे आहे, आणि तिघांचं एकच आहे — मी. माझ्याकडे मात्र कुठलंच नाही. मी शिकवते ती सगळी पुस्तकं उलटीपालटी केली. नवा, धुतलेला, उन्हात वाळवलेला शर्ट तसा वास कसा देईल, मला माहीत नाही. काका आले असं मी मरेपर्यंत म्हणणार नाही, आणि आले असतील तर हे घेऊन यायचं होतं का, म्हणून त्यांचाही मला राग येतो.

तो वास मी आणला नव्हता. हे मावशीला कधीच सांगता येणार नाही, म्हणून इथे लिहिलं.